प्रल्हाद बोरसे यांची फेरमोजणी

प्रल्हाद बोरसे यांनी फोनवर पहिली मुद्दाम चूक केली ती जूनच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी. पडद्यावर मुलाचा, हर्षलचा फोटो होता. बोट फोटोवर ठेवायचं ते त्यांनी जरा उजवीकडे ठेवलं. फोन लागला नाही. पुन्हा तिथेच ठेवलं. असं आठ-दहा वेळा करून त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, चपला घातल्या आणि शेजारच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

उज्ज्वला खैरनार पंचायत समितीतून नुकतीच घरी पोचली होती. पर्स अजून खांद्यावरच होती.

"पुन्हा बिघडला वाटतं," बोरसे म्हणाले.

"हा फोन बिघडत नाही म्हणतात ना, काका?"

"म्हणणाऱ्यांचा बिघडत नसेल."

"आलेच. सासूबाईंना चहा देते आणि येते."

ती आली. तिने हर्षलच्या फोटोवर बोट ठेवलं, तिकडे घंटी वाजायला लागली, तिने लगेच बंद केला. "लागतोय की चांगला."

"तुला घाबरतो तो."

ती हसली. ऑफिसात नव्या साहेबांनी खुर्च्यांची दिशा बदलायला लावली, त्यावरून दोन कारकुनांमध्ये अबोला झालाय, हे तिने सांगितलं. बोरसेंनी आलं घालून चहा केला. वीस मिनिटांनी ती गेली. त्यांनी दोन्ही कप विसळून पालथे घातले. त्या दिवशी ते दुसऱ्या कोणाशीही बोलले नव्हते.

बोरसे शहात्तर वर्षांचे. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. भूकरमापक म्हणून लागले तेव्हा मोजणीची लोखंडी साखळी आणि नकाशा काढायचा फलक होता, निवृत्त झाले तेव्हा उपग्रहावरून हद्दी निघत होत्या. अमळनेरच्या ढेकू रस्त्यावरच्या कॉलनीत त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. पत्नी निर्मला जाऊन सहा वर्षं झाली होती. हर्षल बंगळुरूत.

निर्मलाबाई गेल्यावर पहिली चार-पाच वर्षं बोरसेंचा दिवस ज्यावर टेकलेला होता ती गोष्ट म्हणजे त्यांचा जुना फोन. तो फार त्रास द्यायचा. आज इथे असलेलं बटण उद्या दुसरीकडे जायचं. एकदा सगळी अक्षरं कोरियन झाली. दर संध्याकाळी उज्ज्वला ऑफिसातून येता येता डोकवायची. "आज काय केलंय याने?" असं विचारून ती पायरीवरच पर्स ठेवायची. रविवारी हर्षलचा फोन चाळीस मिनिटं चालायचा. त्यातली पंचवीस मिनिटं "वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके दिसतात का, अण्णा? नाही, तो तुमचा अंगठा आलाय मध्ये," यात जायची. उरलेल्या पंधरात कोण कसं आहे ते विचारून व्हायचं.

जानेवारीत हर्षलने नवा फोन पाठवला आणि हे सगळं थांबलं.

त्या फोनमागचं तत्त्व साधं होतं. चष्म्याला नंबर असतो तसा हातालाही असतो. आतापर्यंत फोनवाले वयस्करांसाठी अक्षरं मोठी करत आणि काम झालं असं समजत. पण वय नुसतं डोळ्यांत येत नाही. बोटाची कातडी कोरडी पडते, तेव्हा काचेला स्पर्श पुरता कळत नाही. टेकलेलं बोट किंचित घसरतं, तेव्हा फोनला वाटतं की सरकवलं. बोट थोडं जास्त रेंगाळतं, तेव्हा त्याला वाटतं की दाबून धरलं. माणूस एक सांगतो, काच दुसरंच ऐकते, आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

नवा फोन आधी ऐकायला शिकत असे. बोट कुठे टेकलं, कितीदा थरथरलं, चित्र दिसल्यापासून हात हलेपर्यंत किती वेळ गेला, अशा दिवसाला चारशे-पाचशे नोंदी तो घेई. त्यातून त्या एका माणसाचा नमुना तयार होई आणि पडदा त्या नमुन्याप्रमाणे बदले. ज्याचं बोट खाली घसरतं त्याची बटणं खाली येत. जो पाच गोष्टींत गोंधळतो त्याला तीनच दिसत. अशा एकूण नऊ पायऱ्या होत्या. नवव्या पायरीवर पूर्ण फोन. पहिल्या पायरीवर पडद्यावर एकच मोठं वर्तुळ.

एक गोष्ट बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवली होती. पायरी उतरणं सोपं होतं, चढणं अवघड. गोंधळलेल्या माणसाच्या हातात पूर्ण फोन राहिला तर कोणी भामटा त्याला लुबाडू शकतो. शहाण्या माणसाच्या हातात सोपा फोन आला तर तो फार तर कंटाळेल. म्हणून चुकीच्या एका नोंदीला बरोबर असलेल्या पंचवीस नोंदींइतकं वजन दिलेलं होतं. आणि पायरी एकदम घसरली तर घरच्यांना तातडीचा निरोप जाई.

बोरसेंचा फोन पाच आठवड्यांत त्यांना इतका जुळला की विचारायला काही उरलं नाही. फेब्रुवारीत उज्ज्वलाने एक दिवस तपासून पाहिलं, म्हणाली, "काका, तुम्ही पास झालात." तिला मोकळं वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बोरसेही हसले. रविवारचा हर्षलचा फोन चार मिनिटांवर आला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. संध्याकाळी साडेपाचला शेजारचं फाटक वाजायचं, उज्ज्वलाची पावलं सरळ तिच्या घरात जायची. बोरसे ओट्यावर बसून ती ऐकायचे. हाक मारायला कारण लागतं, आणि त्यांच्याजवळ कारण नव्हतं.

मग जून आला आणि त्यांनी ते तयार केलं.

पुढचे तीन महिने बरे गेले. संध्याकाळी पाच ते साडेपाचच्या दरम्यान बोरसे ओट्यावर बसून पंचवीस-तीस वेळा चुकायचे. दिवसभराचं वापरणं पूर्वीसारखंच बिनचूक असायचं. पेपर वाचायचे, जुने गावनकाशे उघडून बघायचे. आठवी पायरी झाली, सातवी झाली. दर पायरीला एखादी गोष्ट पडद्यावरून जायची आणि ती कुठे गेली हे उज्ज्वलाला विचारता यायचं. एकदा तिने घाईत दारातूनच फोन बघितला, बसली नाही. "आज सासूबाईंचं जरा जास्तच आहे, काका." दुसऱ्या दिवशी बोरसे चाळीस वेळा चुकले.

सप्टेंबरच्या सात तारखेला, शनिवारी सकाळी, त्यांनी फोन हातात घेतला तर पडद्यावर दोनच वर्तुळं होती. एकात हर्षल, दुसऱ्यात रुग्णवाहिका. पेपर नव्हता, नकाशे नव्हते, उज्ज्वलाचा नंबर नव्हता. त्यांनी काही दाबायच्या आत हर्षलचाच फोन आला.

"अण्णा, हसून दाखवा. कॅमेऱ्यासमोर. डावा हात वर करा."

"सकाळी सकाळी काय कवायत?"

"करा ना अण्णा."

त्यांनी केलं. संध्याकाळी हर्षल घरी पोचला होता.

घडलं होतं ते असं. खरा थकलेला हात चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. त्याच्या चुका मुठीतून सांडलेल्या तिळांसारख्या विखुरतात. बोरसेंच्या चुका विखुरलेल्या नव्हत्या. छत्तीस वर्षं दगड आणि बांध मोजलेल्या माणसाला ढिसाळ चूक करताच येत नव्हती. प्रत्येक वेळी बोट उजवीकडे सहा मिलिमीटरवर, त्याच रेषेत. उजव्या मेंदूला इजा झालेल्या माणसाचं डाव्या बाजूचं भान सुटतं आणि त्याचा हात असाच नेमाने उजवीकडे जातो. फोनने ते ओळखलं, किंवा ओळखलं असं त्याला वाटलं. घरच्यांना गेलेल्या निरोपात लिहिलं होतं: मेंदूच्या उजव्या भागात लहान आघाताची दाट शक्यता, एकटं ठेवू नये.

जळगावच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढलं. त्यात काही नव्हतं. "फार बारीक असेल तर दिसत नाही," ते म्हणाले. "लक्ष ठेवा."

परतताना गाडीत हर्षल म्हणाला, "अण्णा, डॉक्टरांनी तुम्हाला वीस मिनिटं बघितलं. फोन आठ महिने बघतोय."

"मग?"

"आमच्या घरापासून अर्ध्या तासावर ज्येष्ठांसाठी एक जागा आहे. चांगली आहे, मी बघून आलोय. खोली स्वतंत्र. पंधरा तारखेपासून मिळतेय."

"तू आधीच बघून आलास?"

"दुसरी पायरी म्हणजे काय ते माहितेय का तुम्हाला? या पायरीवरच्या दहांतले सात जण वर्षभरात कुठेतरी पडलेले सापडतात. मी अकराशे किलोमीटरवर, अण्णा. मी काय करू?"

बोरसेंनी खिडकीबाहेर पाहिलं. खरं काय ते त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण हर्षलच्या डोळ्यांखाली दोन दिवसांचं जागरण दिसत होतं. त्याला काय सांगायचं, की शेजारीण चहाला यावी म्हणून केलं? त्यांना वाटलं, पायरी परत चढवून घेऊ. मूळ कारणाला कोणी हात लावायची गरज पडणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी हर्षलला कंपनीचे नियम मोठ्याने वाचायला लावले. फेरजुळवणी, म्हणजे पायरी नव्याने तपासून घेणं, मागता येत होती. अटी दोन होत्या. पहिली: फोनमध्ये नोंदलेल्या, परिचयातल्या दोन माणसांनी समोर हजर राहायचं, म्हणजे कोणी भामटा वृद्धाला पढवून पायरी चढवून घेऊ शकणार नाही. बोरसेंच्या फोनमध्ये ती माणसं हर्षल आणि उज्ज्वला होती. दुसरी: चाचणी चांगली आली तरी तेवढ्याने चालणार नाही, कारण आजाऱ्यालाही एखादा दिवस चांगला जातो. आधीच्या चुका का झाल्या, ते त्याच नोंदींवरून पटलं पाहिजे.

बोरसे पहिल्या अटीवर बराच वेळ अडले. त्यांच्या खात्यातही हीच रीत होती. एखाद्याला मोजणी पटली नाही तर तो फेरमोजणी मागे, तिला निमताना म्हणत. आणि लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस दिल्याशिवाय, त्यांना बांधावर उभं केल्याशिवाय ती कधी होत नसे. या रीतीबद्दल त्यांनी नव्या मुलांना कितीदा तरी समजावलं होतं. तिचा जाच त्यांना आज पहिल्यांदा कळला.

"उज्ज्वलाताईंना बोलावू?" हर्षलने विचारलं.

"तिच्याशिवाय नाही होणार?"

"नाही. का?"

"काही नाही. तिला कामं असतात."

दोन दिवस त्यांनी काही ठरवलं नाही. हर्षलने कपाटातले गरम कपडे वेगळे काढायला सुरुवात केली, बंगळुरूत ते लागणार नाहीत म्हणून. निर्मलाबाईंचा फोटो त्याने भिंतीवरून उतरवून टॉवेलात गुंडाळला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. बोरसे तिथे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बोलाव तिला. रविवारी सकाळी."

उज्ज्वला नऊ वाजता आली, हातात उपम्याचा डबा घेऊन. "काका, तुम्ही काही काळजी करू नका. मी सांगेन त्यांना, माणूस कसा ठणठणीत आहे ते."

"तू बस आधी."

चाचणी चाळीस मिनिटं चालली. वर्तुळं उमटत होती, बोरसे बोट ठेवत होते. तीनशे स्पर्शांत दोन चुका. फोनवरचा आवाज स्वच्छ मराठीत म्हणाला, "आजचा निकाल नवव्या पायरीचा आहे. मागील नोंदींशी तो विसंगत आहे. कारण सांगावं."

"हर्षल," बोरसे म्हणाले, "चुकांची वेळ बघ."

"बघितलीय. सगळ्या संध्याकाळच्या. वयस्करांना संध्याकाळी त्रास वाढतो, त्यात नवल नाही."

"वार बघ."

हर्षलने टॅबलेटवर बोट फिरवलं. "सोमवार ते शुक्रवार."

"शनिवार-रविवारी किती?"

"एकही नाही." त्याने पुन्हा बोट फिरवलं. "पंधरा ऑगस्टलाही नाही. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काहीच नाही."

"त्या चार दिवसांत ही भावाकडे नंदुरबारला गेली होती," बोरसे म्हणाले. त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं नाही. टेबलावरचा चौकटीचा कागद ओढला, पेन्सिलने एक टिंब काढलं, नजर हर्षलकडे ठेवून टिंबाच्या उजवीकडे दहा वेळा बोट टेकवलं. प्रत्येक वेळी त्याच चौकटीत. "सहा मिलिमीटर. मोज पाहिजे तर. हद्दीचा दगड सरकवणारे मी खूप पकडले. रात्रीतून दगड नेतात आणि तो सरळ रेषेत लावतात. त्यावरूनच सापडतात. मीही सरळ रेषेतच लावला."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम...?" हर्षलने टॅबलेट खाली ठेवला. "अण्णा, मी विमानात काय काय विचार केले, माहितेय?"

"नसेल माहीत."

"मला सांगायचं होतं ना, करमत नाही म्हणून."

"चार मिनिटांत?"

फोनवरचा आवाज पुन्हा म्हणाला, "उपस्थित व्यक्तींनी कारण मान्य आहे का ते सांगावं."

"मान्य," हर्षल म्हणाला.

उज्ज्वला डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "जूनपासून?" तिने विचारलं.

"जूनपासून."

"काका, दिवसभराची बाई मी आले की निघून जाते. मग मी बाहेर पडले की घरात सासूबाई एकट्या असतात. त्यांना कळत नाही काही, उठून रस्त्यावर जातात. तुमच्याकडे यायचे तेव्हा मी दाराला बाहेरून कडी घालून यायचे. रोज. आत त्या दार वाजवायच्या." ती एका सुरात बोलत होती. "मला वाटायचं, काकांना दुसरं कोण आहे."

बोरसेंनी चौकटीचा कागद घडी करून खिशात घातला.

"मान्य," ती फोनला म्हणाली आणि उठली. "डबा सावकाश द्या."

पडदा एकदा काळा झाला आणि पूर्ण फोन परत आला. पेपर, नकाशे, सगळे नंबर.

हर्षल मंगळवारी गेला. बंगळुरूची खोली त्याने रद्द केली, फोटो भिंतीवर परत लावला. निघताना म्हणाला, "रविवारी फोन करतो. निवांत." त्या रविवारी तो अठ्ठावीस मिनिटं बोलला. मधून मधून दोघांनाही विषय शोधावा लागला. पुढच्या रविवारी बारा मिनिटं.

शेजारचं फाटक साडेपाचला वाजत राहिलं. बोरसेंनी डबा घासून तीन दिवस ओट्यावर ठेवला होता. चौथ्या दिवशी ते तो घेऊन गेले. फोन घरीच राहिला.

उज्ज्वलाने दार उघडलं. "काय बिघडलं?"

"काही नाही. डबा."

तिने डबा घेतला आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आतून म्हातारीचा कोणाला तरी हाका मारण्याचा आवाज येत होता.

"तुला बाजारात जायचं असतं, दवाखान्यात जायचं असतं," बोरसे म्हणाले. "मी बसत जाईन त्यांच्याजवळ. तासभर. कडी लावावी लागणार नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तोलून बघावं तशी.

"चहा मिळणार नाही," ती म्हणाली.

"नको."

"गप्पा मारायला मी थांबणार नाही. मी बाहेर जाणार म्हणून तर तुम्ही बसणार."

"समजलं मला."

"मंगळवार आणि शुक्रवार. पावणेसहाला या."

मंगळवारी बोरसे पावणेसहाला पोचले तेव्हा उज्ज्वला पिशवी घेऊन तयार होती. "त्यांना पाणी हळूहळू द्या. दार आतून लावा," एवढं म्हणून तिने चपला घातल्या. त्या घालून होईपर्यंत दोघं समोरासमोर होते. मग ती पायऱ्या उतरली.

बोरसेंनी दार आतून लावून घेतलं. खाटेवर म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. तिने बराच वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"कोण तुम्ही?"

"शेजारचा."

"कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," बोरसे म्हणाले.

तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने पुन्हा वळून तिने विचारलं, "कोण तुम्ही?" बोरसेंनी पुन्हा सांगितलं. उज्ज्वला यायला अजून पन्नास मिनिटं होती.